बेचाळीस लाखांचा इसार

त्या वर्षी लक्ष्मीपूजनाला मी पाटावर मोबाइल मांडला होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण सगळी हकीकत ऐकल्यावर लोक हसतात ते याच गोष्टीला, आणि ते हसणं एकदाच उरकलेलं बरं.

बोरगाव मेघेतल्या आमच्या घरात बायकोनं नेहमीसारखी तयारी केली होती. लक्ष्मीचा फोटो, नवी केरसुणी, तिच्या बांगड्या, बँकेतून आणलेल्या दहाच्या कोऱ्या नोटा, आणि नैवेद्याला वाटीत धणे आणि गूळ. मी त्या वाटीशेजारी मोबाइल ठेवला. स्क्रीनवर आकडा होता, बेचाळीस लाख आणि वर काही हजार. आरती सुरू झाली आणि स्क्रीन काळी पडली. मी टाळ्या थांबवून बोट लावलं, आकडा परत आला. दुसऱ्या कडव्याला पुन्हा काळी. पुन्हा बोट.

‘‘लक्ष्मीले गुदगुल्या करून राह्यले का तुम्ही?’’ बायको आरती न थांबवता म्हणाली.

मी रागावलो. तिला त्या आकड्याची किंमत कळत नाही असं मला वाटलं. मी सिंदी रेल्वे या गावातल्या एका शाळेत बावीस वर्षं गणित शिकवतो, आणि आकडे आपल्याला कळतात ही माझी जुनी घमेंड आहे. शिवाय त्या आकड्यावर नुसती माझी हौस अवलंबून नव्हती. माझ्या ताईचं वावर त्याच्यावर टेकलेलं होतं.

झालं असं होतं की, आदल्या हिवाळ्यात पगाराच्या थकबाकीचा हप्ता हाती आला. स्टाफरूममध्ये एक तरुण सर दुपारच्या सुट्टीत डबा उघडण्याआधी मोबाइल उघडत. त्यांनी मला एक नवं आभासी नाणं दाखवलं. मोठं, सगळ्यांना माहीत असलेलं नाणं नव्हे ते. त्याच्या पोटचं बारीकसं, कुणी तरी नुकतंच काढलेलं. ‘‘मोठं घ्याले आता उशीर झाला सर, छोटं घ्या,’’ ते म्हणाले. मी दीड लाखाचं घेतलं. उन्हाळ्यात त्याचे सहा लाख दिसायला लागले, पोळ्यापर्यंत तीस. मी श्रीमंत झालो होतो आणि ते मला फार आवडलं. उगाच लाजून सांगण्यात अर्थ नाही. मी बाजारात कलिंगडाचा भाव न करता घ्यायला लागलो. रेल्वे स्टेशनवर चहावाल्यानं सुटे नाहीत म्हटलं की ‘राहू दे’ म्हणायला लागलो. मुख्याध्यापक काही बोलले की मनात यायचं, ‘बोला, बोला, अजून किती दिवस.’

वडनेरला आमचं दोन एकर वावर आहे. विहीर आहे, पाणी बाराही महिने. बाबांनी तिथं जन्मभर भाजीपाला केला. बाबा गेले आणि सातबाऱ्यावर दोन नावं चढली, ताईचं आणि माझं. ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. ती वडनेरातच दिलेली. बाबा थकले तेव्हापासून ते वावर तीच आणि भाऊजीच करतात. गोबी, वांगी, पालक, मेथी, आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर. हिंगणघाटच्या भाजीबाजारात अडते तिला नावानिशी ओळखतात.

आमच्याकडे बहीण हक्कसोड करून देते. भाऊ साडीचोळी करतो आणि सगळे म्हणतात, बहीण किती समजदार. मला ते पटत नव्हतं. मी स्वतःला सुधारलेला समजतो. म्हणून पोळ्याला वडनेरला गेलो तेव्हा ताईच्या ओसरीवर बसून मी ऐटीत म्हणालो, ‘‘फुकट नको मले. बाजारभावानं पैसे देतो. तुया एकराचे अठरा लाख. कागदावर हक्कसोड, हातात रोख. दिवाळी झाली की तारेचं कुंपण घालतो, जेसीबी आणतो, एक लहानसं घर बांधतो. शनिवार-रविवार येत जाऊ आम्ही.’’

ताई पोळ्याच्या पुरणाचं ताट आवरत होती. हात थांबले तिचे. ‘‘अठरा लाख हाये तुयापाशी?’’

मी मोबाइल काढून दाखवला. तिनं हात पदराला पुसला आणि मग तो हातात घेतला. बराच वेळ पाहिलं. भाऊजी खाली मान घालून सुपारी कातरत होते.

‘‘तू म्हणतं त करीन सही,’’ ताई म्हणाली. ‘‘पोरीच्या नर्सिंगची फी भरून होईन त्यात.’’

ती खुश होती की नव्हती, हे मी पाहिलंच नाही. मी माझ्याच उदारपणावर खुश होतो. बहिणीला बाजारभाव देणारा भाऊ तालुक्यात दुसरा दाखवा, असं काहीसं माझ्या डोक्यात चाललं होतं.

दसऱ्यानंतर तिचा फोन आला. ‘‘सही कवाबी करीन भाऊ. पण आधी इसार पाह्यजे.’’

इसार म्हणजे सौद्याचे पहिले पैसे. वावर असो, बैल असो की उभं पीक, पैसे हातावर पडले की सौदा पक्का. त्याआधी नुसतं बोलणं.

मला राग आला. ‘‘काऊन व ताई? सख्ख्या भावावर भरोसा नाई?’’

‘‘भरोसा आहे म्हणून त सही करून राह्यली. पण इसार हातात आल्याबिगर विकलं असं मी कोणाले सांगत नाई. सांभाराचं गाठोडं असो का वावर.’’ मग म्हणाली, ‘‘अन् तुले सांभार आठवतेच न?’’

आठवत होता. न आठवून सांगतो कुणाला. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. त्या पावसाळ्यात बाबांनी मला सांभाराची पहिली टोपली घेऊन हिंगणघाटला पाठवलं. त्या दिवशी बाजारात सांभार नव्हताच, आणि एका खानावळवाल्याकडे कुठलं तरी मोठं जेवण होतं. त्यानं माझी टोपली अशा भावानं उचलली की मला घाम फुटला. घरी येईपर्यंत मी गणित मांडलं होतं. एका टोपलीचे इतके, तर चौदा वाफ्यांचे किती. आकडा बाबांना सांगितला. ताईला तर शिलाई मशीन कबूल करून टाकली. बाबा म्हणत होते, थोडा थोडा काढू. मी कॉलेजात शिकत होतो ना, मी त्यांना गुणाकार समजावला. दुसऱ्या दिवशी सगळे वाफे कापून बैलबंडी भरली. बाजारात पोचलो तर तो भाव ऐकून आजूबाजूची सगळी गावं सांभार घेऊन आलेली. खानावळवाल्याचं जेवण आदल्या दिवशीच आटोपलेलं. दुपारपर्यंत जुड्या पिवळ्या पडल्या. निम्मा सांभार आम्ही परत आणून बैलांपुढे टाकला, आणि तो बैलांनीही सगळा खाल्ला नाही. मशीन आली नाही. ताईनं ती पुन्हा मागितलीही नाही.

इतक्या वर्षांनी ती ते काढेल असं मला वाटलं नव्हतं. ‘‘हे तसं नाई,’’ मी फोनवर म्हणालो. ‘‘हे वाळत नाई, सडत नाई. बेचाळीस लाख झाले आता. भाऊबीजेले ओवाळणीच्या ताटात एक लाख टाकतो पाह्यजो.’’

तर लक्ष्मीपूजन झालं, आणि पाडव्याला सकाळी चहा घेऊन मी पलंगावर बसलो. एक लाखाचं नाणं विकायचं. बेचाळीसमधलं एक. किरकोळ काम. तोवर मी घेण्याचं बटण दाबलं होतं, आकडा हजार वेळा पाहिला होता, पण विकण्याच्या पानावर कधी गेलोच नव्हतो. त्या पानावर घेणाऱ्यांची यादी असते. कोण किती भावानं किती घ्यायला तयार आहे, वरून खाली. मला वाटलं होतं ती यादी संपता संपणार नाही. माझ्या बेचाळीस लाखांचा जो भाव होता, त्या भावानं घेणारा फक्त एक जण होता, आणि त्याला हवं होतं जेमतेम चार हजारांचं. त्याच्या खालचा आणखी कमी भावात तीन हजारांचं घेणार होता. त्याच्या खाली मोठी फट, आणि मग काही जण अगदीच पडत्या भावात वाट पाहत बसलेले.

मी विकलं. चार हजार. मग तीन. मग खालच्यांना. हात थांबेना, कारण प्रत्येक वेळी वाटायचं पुढचा घेणारा जास्त भावानं येईल. तासाभरात माझ्या खात्यात एकोणीस हजार आणि वर थोडे जमा झाले. वरच्या आकड्याकडे पाहिलं तर बेचाळीसचे अकरा झालेले. माझ्याच एकोणीस हजारांनी माझे एकतीस लाख खाल्ले होते.

मी तरुण सरांना फोन लावला. ते कळवळून म्हणाले, ‘‘विकून काऊन राह्यले सर? विकल्यानं भाव पडते न!’’

मी फोन ठेवला. एकतीस लाख गेले कुठे, हा प्रश्न मी विद्यार्थ्यासारखा स्वतःला घातला. चोरी झाली नव्हती. ते दुसऱ्या कुणाच्या खिशातही गेले नव्हते. मग हळूहळू उमगलं की ते कुणी दिलेच नव्हते. जगात कुठे तरी एका माणसानं दोन-चार हजारांचं नाणं एका भावानं घेतलं होतं, आणि तो भाव घेऊन मोबाइलनं माझ्याजवळच्या सगळ्या नाण्यांना गुणलं होतं. खानावळवाल्याच्या टोपलीचा भाव घेऊन मी चौदा वाफ्यांना गुणलं होतं तसंच. तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो, हे एक कारण तरी होतं. आता माझ्याकडे कारणही नव्हतं. मोबाइलनं मला फसवलं असंही म्हणता येईना. त्यानं गुणाकार बरोबरच केला होता.

दुपारी बायकोनं पाडव्याचं ओवाळलं. मी ताटात शंभराची नोट टाकली. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि नुसतं विचारलं, ‘‘गेले?’’ मी मान हलवली. ‘‘होतेच कुठी,’’ ती म्हणाली आणि ताट घेऊन आत गेली. तिनं टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. एटीएममधून एकोणीस हजार काढले आणि मोटारसायकलनं वडनेरला निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता. मी वाटभर वाक्यं जुळवत होतो. बाजार खाली आहे, थोडं थांबावं लागेल, सही पुढच्या महिन्यात करू. पन्नास वर्षांचा माणूस मोठ्या बहिणीसमोर खोटं बोलायची तयारी करत चालला होता. हिंगणघाट ओलांडलं तशी माझी मलाच शिसारी आली आणि ती वाक्यं मी सोडून दिली.

ताईनं पाट मांडला, ओवाळलं. मी पाकीट ताटात ठेवलं. तिनं ते बोटांनी चाचपलं. तिच्या बोटांना बाजाराची सवय आहे, जाडीवरून तिला कळलं.

‘‘हे लाख नाई भाऊ.’’

‘‘एकोणीस हजार आहेत ताई. एवढेच आहेत. सारे एवढेच.’’

‘‘मंग ते बेचाळीस?’’

‘‘त्याले घेणारंच कोणी नव्हतं. दिसत होते नुसते. वावर तुयं तूच ठेव, मी चुकलो.’’

निरांजन विझेपर्यंत ती ताट हातात घेऊन उभी राहिली. मग ते खाली ठेवून म्हणाली, ‘‘चाल वावरात.’’

बांधावर पोचलो आणि मला काही समजेना. दिवाळीच्या वेळेला आमच्या वावरात पाय ठेवायला जागा नसते. विहिरीच्या अंगाला गोबीच्या ओळी, मग वांगी, मग मेथी आणि सांभाराचे वाफे. मी जन्मापासून तेच पाहत आलो. त्या दिवशी दोन्ही एकर वखरून मोकळे पडलेले होते. एका कोपऱ्यात गोबीच्या रोपांचा वाफा होता, तोही उपटून रिकामा.

‘‘रोपं?’’

‘‘शेजारच्याले देऊन टाकली. मी कोणाच्या वावरात लावू? तू त जेसीबी आणणार होता. इसार लोकाले सांगासाठी, मले तुया शब्द पुरे होता.’’ तिच्या आवाजात राग नव्हता. एखाद्यानं विचारलं म्हणून सांगावं तसं ती सांगत होती. ‘‘उभं पीक जेसीबीखाली गेलं असतं त जीव जळला असता माया.’’

मागून भाऊजी आले होते. ते सहसा बोलत नाहीत. ‘‘दसऱ्यापासून तुयी ताई दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचाले जाते,’’ ते माझ्याकडे न पाहता म्हणाले.

ताईचे हात मी तेव्हा नीट पाहिले. बोटांच्या टोकांना बोंडांचे ओरखडे होते. सकाळी तिनं याच हातांनी मला कुंकू लावलं होतं. विहिरीच्या काठावर बसून मी रडलो, आणि त्याची मला आज लाज वाटत नाही. माझा आकडा खोटा होता, तो गेला तरी माझं काय गेलं? दीड लाख. नोकरी आहे, पगार आहे, मी ते गिळू शकतो. पण तो आकडा ताईनं खरा धरला होता. मोबाइलवर दिसला म्हणून नव्हे, मी बोललो म्हणून. आणि त्यापायी तिचा हिवाळ्याचा हंगाम खरोखर बुडाला होता. वाफ्यातली माती खरी होती आणि रिकामी होती.

‘‘ताई, हक्कसोड मी करतो,’’ मी म्हणालो. ‘‘माया हिस्सा तुया नावानं. उद्याच जाऊ हिंगणघाटले.’’

‘‘काही गरज नाई.’’

‘‘मी मनापासून म्हणून राह्यलो.’’

‘‘मीबी मनापासूनच सांगून राह्यली. बाबा गेले तवापासून तू कितीदा आला इकडे? पोळ्याले आला, तोबी वावर घ्याले. नाव काढलं त तू येशीन काऊन मंग?’’ तिनं पदरानं नाक पुसलं. ‘‘नाव राहू दे. फक्त मले पेरू दे.’’

मी विहिरीच्या काठावरून उठलो.

परत येताना तिनं ते पाकीट ताटातून उचललं आणि कमरेला खोचलं. मला वाटलं होतं ती ते मला परत देईल, आणि मी भावनेच्या भरात ते पुन्हा तिच्या हातात कोंबीन. तसं काही झालं नाही. ‘‘हे ठेवते मी,’’ ती म्हणाली. ‘‘यात बियाणं येते, बायांची मजुरी येते. गोबीचा टाइम गेला. मेथी होईन, सांभार होईन. दीड महिन्यात हातात येते.’’

दिवाळीच्या सुट्टीचा तो सगळा आठवडा मी वडनेरला काढला. सांभाराचा दाणा तसाच पेरत नाहीत, आधी तो फोडावा लागतो. ओसरीवर धणे पसरून ताई त्यांच्यावर लाकडी फळी रगडायची आणि एकेका धण्याची दोन दोन दलं सुटायची. मला तिनं फळी दिली तेव्हा मी इतक्या जोरात रगडलं की निम्म्यांचा चुरा झाला. ‘‘मसाला नाई कराचा मास्तर,’’ ती म्हणाली. पोळ्यानंतर पहिल्यांदा ती हसली. मग वाफे पाडले, पाणी सोडलं, आणि शाळा सुरू झाल्यावरही मी रविवारी जायला लागलो. सुरुवातीला अपराधीपणानं जात होतो. नंतर नंतर तेही राहिलं नाही, सवय झाली. मोबाइलमधला आकडा मधेच कधी दीड लाख दिसे, कधी सत्तर हजार. मग ते नाणं यादीतूनच निघून गेलं. ते कोणत्या दिवशी गेलं हे मला सांगता येणार नाही, कारण मी पाहिलं नव्हतं.

डिसेंबरात अवकाळी पाऊस झाला. आधी पेरलेला, वाढलेला सांभार ठिकठिकाणी सडला. आमचा उशिराचा, अजून कोवळा, म्हणून तगला. त्यानंतरच्या एका रविवारी सकाळी आम्ही गाठोडी बांधून हिंगणघाटच्या बाजारात उतरलो. भाऊजींनी छोट्या टेम्पोतून ती उतरवली आणि फरशीवर ओळीनं लावली. सगळी मिळून अकरा. लिलावाला माणसं जमली. अडत्यानं पहिलं गाठोडं सोडलं, जुडी हातात घेऊन नाकाशी नेली आणि भाव पुकारायला सुरुवात केली. दोघं जण चढले, तिसरा आणखी चढला, आणि पहिलं गाठोडं अशा भावानं गेलं की भाऊजींनीसुद्धा मान वर केली.

ताई माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत सगळं होतं, बैलबंडी, शिलाई मशीन, पोळ्याची ओसरी, सगळं. उरलेल्या दहा गाठोड्यांवरून तिनं हात फिरवला.

‘‘बोल न मास्तर. किती होतीन सारे?’’

माझ्या डोक्यात आकडा तयार होता. बावीस वर्षांची सवय, तो आपोआपच तयार होतो. जिभेपर्यंत आलाही होता.

‘‘विकल्यावर सांगतो,’’ मी म्हणालो, आणि दुसऱ्या गाठोड्याला हात घातला.